जुन्या चर्चचे फोटो काढताना
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



निवृत्तीनंतर काय करतोस, असे काल चहाच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारले. मी फिरतो आणि जुन्या चर्चचे, तिथल्या मूर्तींचे फोटो काढतो.

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ही वास्तू १६०५ सालची. तिचा तांबूस जांभा फोटोत देखणा दिसतो, पण मुळात त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात तो काढून टाकला. उघडा जांभा पाणी पितो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दर पावसाळ्यात भिंत थोडी झिजते. दर्शनी भागातला कोरीव काळा दगड मात्र आपल्या वसईहून नेलेला, तो टिकून आहे. पाऊस संपला की मी दरवर्षी त्याच जागी उभा राहून त्याच भिंतीचा फोटो घेतो. जवळच सेंट ऑगस्टिनचा मनोरा आहे. तो १९३१ मध्ये अर्धा कोसळला. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे.

मूर्तींच्या बाबतीत माझे नियम साधे आहेत. आधी विचारायचे, प्रार्थना चालू असताना कॅमेरा पिशवीत ठेवायचा आणि फ्लॅश कधीच वापरायचा नाही. एका खेड्यातल्या चर्चमध्ये लाकडी मेरीमातेची मूर्ती होती. चेहरा अगदी आपल्याकडच्या बाईचा, रंग जुना, मऊ. दोन वर्षांनी गेलो, तर भाविकांनी हौसेने तिला चकचकीत ऑइलपेंट दिला होता. त्यांची भक्ती खरी, त्यांना नावे कशी ठेवणार? पण तो जुना रंग आता माझ्या फोटोतच उरला आहे. मी त्याची एक प्रत तिथल्या फादरना दिली.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. वसईच्या विजयानंतर आलेली ही घंटा शंकराच्या देवळाजवळ टांगलेली आहे. एकाच घंटेत दोन धर्मांचा इतिहास!

मित्रहो, तुमच्या गावातही असे काही असेल. देवळातले लाकडी खांब, दर्ग्याची कमान, आपल्या शाळेची कौलारू इमारतसुद्धा. मोबाईल सगळ्यांकडे आहे. फोटो काढा, तारीख आणि ठिकाण लिहा आणि एक प्रत तिथल्याच माणसांना द्या.