ऐपतीच्या दाखल्यापाशी अडलेली सुटका

परिषदेत दुपारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहेच. तोवर विषयही थोडा कडक आहे.

जामीन, दंड आणि खटल्याआधीची कोठडी या विषयांसाठी सोलापूर का, असे काही पाहुण्यांनी विचारले. मे १९३० च्या मार्शल लॉमुळे हे गाव देशाला ठाऊक झाले आणि त्याचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. आजच्या विषयाला मात्र सोलापुरातला आणखी जवळचा पत्ता आहे, तो सेटलमेंटचा. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींची कुटुंबे इथे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. आरोपपत्र नाही, खटला नाही, जामिनाचा अर्ज करण्याची सोय नाही. जन्म हाच पुरावा. गिरणीत कामाला जायची मुभा होती, पण हजेरी चुकली की शिक्षा. हा कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे संविधान लागू होऊन अडीच वर्षे उलटल्यावर! सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव शहराने आजही जपले आहे.

सेटलमेंटमध्ये जामिनाची सोयच नव्हती; पण सोय असूनही रक्कम अवाजवी असेल तर उपयोग काय? अमेरिकेच्या घटनेतल्या आठव्या दुरुस्तीने अवाजवी जामीन आणि अवाजवी दंड यांना स्पष्ट मनाई केली. आपल्या संविधानात तसे वाक्य नाही. अनुच्छेद २१ आणि २२ आहेत, आणि बाकीचे काम साध्या कायद्यावर सोडलेले आहे. तो कायदा काही मुका नाही. बंधपत्राची रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, ती अवाजवी नसावी, हे जुन्या फौजदारी संहितेच्या कलम ४४० मध्ये होते. आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८४ मध्ये आहे. दंडाची कमाल रक्कम कायद्यात दिलेली नसेल, तिथेही तो अवाजवी नको, असे न्याय संहिता सांगते.

मग माणसे अडतात कुठे? १९७८ च्या मोतीराम खटल्यात याचे उत्तर आहे. मध्य प्रदेशातला एक गवंडी. जामीन थेट सर्वोच्च न्यायालयाने दिलेला. खाली दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला; भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश दिला आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्याच्या वृत्तीला चांगलेच फटकारले.

सोलापूरला हे प्रकरण परके वाटू नये. इथे अक्कलकोट ओलांडले की कर्नाटक लागते. यंत्रमागावर काम करणाऱ्या अनेकांचे मूळ गाव तेलंगणात. अशा माणसाचा सातबारा कुठला, ऐपतीचा दाखला कोणत्या तहसीलचा? जामीन मंजूर झाल्याचा आनंद कोर्टाच्या आवारातच विरतो आणि घरचा माणूस ओळखीचा, शेतीवाला, वेळ असलेला जामीनदार शोधत फिरतो.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने याबाबत निर्देश दिले. जामिनाचा आदेश तुरुंगाला ईमेलने जावा. सात दिवसांत सुटका न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिनाभरात बंधपत्र भरता आले नाही, तर अटी शिथिल करता येतील का हे न्यायालय स्वतःहून पाहू शकते. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण असल्याने न्यायालये ती अट टाळू शकतात, असेही त्यात नमूद आहे. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आली: न्यायाधीन बंद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत. चांगलीच गोष्ट. पण अवाजवी रक्कम सरकारी तिजोरीतून भरण्याआधी ती मुळात कमी करणे स्वस्त नाही का?

स्वागत समितीची विनंती एवढीच की पहिल्या सत्रात स्थानिक जामीनदाराची अट आणि ऐपतीचा दाखला हे दोनच मुद्दे घ्यावेत, आणि जे वकील रोज ही कागदपत्रे जुळवतात त्यांना आधी बोलू द्यावे. अध्यक्षांनी आता सूत्रे हाती घ्यावीत.