काटा एकच हवा

(सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ऊस आहे. तेव्हा काटामारी म्हणजे काय, हे मी आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही. गाडी काट्यावर चढते, पावती हाती पडते, आणि आकडा खरा की खोटा ही शंका शेतकऱ्याच्या मनात घर करून राहते. बाहेरच्या काट्यावर वजन करून घेण्याचा हक्क तो मागतो, तो याचसाठी. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. त्या शास्त्रातले एकच वाक्य आज सांगतो : ज्या बाजारात घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे असते, त्या बाजारातल्या भावाला काही अर्थ उरत नाही. राजकारणाचेही तसेच आहे. आपल्या पक्षाचे कृत्य एका काट्यावर आणि परपक्षाचे दुसऱ्या काट्यावर तोलले जाऊ लागले, की योग्य काय आणि अयोग्य काय याचा निवाडाच अशक्य होतो.

हे मी इतरांना उद्देशून बोलत नाही. आरंभ स्वतःपासून करतो.

१९७८ साली मी महाविद्यालयात शिकत होतो. आणीबाणीचा संताप ताजा होता. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्ष हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. परंतु निवडणुकीत परस्परांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस पक्षांनी निकालानंतर हातमिळवणी केली आणि मार्चमध्ये वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ स्थापन झाले. आम्ही त्याला संधिसाधूपणा म्हटले, आणि ते बरोबरच होते. चारच महिन्यांनी त्याच मंत्रिमंडळातील शरद पवार आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि १८ जुलै रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले. त्यात जनता पक्ष होता, म्हणजे आपले समाजवादी होते आणि पूर्वीचे जनसंघीयही होते. शेतकरी कामगार पक्ष होता, आपल्या वाळवे तालुक्याचे प्रा. एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. आम्ही विद्यार्थ्यांनी साखर वाटली. आमच्या गल्लीत बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहिलेले एक वृद्ध काँग्रेसवाले राहात असत. साखर हातावर घेऊन ते मला म्हणाले, "बाळ, उद्या तुमच्यातली माणसं कुणी अशीच उचलून नेली, तर हीच साखर वाटशील का?"

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर, ते शोधण्याची इच्छाही नव्हती.

त्या सरकारच्या काळात काही चांगली कामे झाली, हे मी नाकारीत नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने त्याच महिन्यात संमत केला. परंतु मार्चमधील तडजोड पाप आणि जुलैमधील फूट पुण्य, हा निर्णय आम्ही कोणत्या काट्यावर केला होता? लाभ कोणाला झाला, या एकाच काट्यावर. साधनशुचितेची शिकवण ज्या चळवळीने महाराष्ट्राला दिली, त्या चळवळीच्या मुलांनी साधनाकडे पाठ फिरविली होती.

पुढच्याच वर्षी दिल्लीत याची परतफेड झाली. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव लोकसभेत मांडला, तो आपल्या कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांनी. सरकारची बाजू सभागृहात तडफेने मांडली जॉर्ज फर्नांडिस यांनी, आणि त्यानंतर काही दिवसांतच ते त्या सरकारमधून बाहेर पडले. चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात यशवंतराव उपपंतप्रधान झाले. आणीबाणीत मंत्रिमंडळात बसलेल्या नेत्याशी सहकार्य करणे, हे जनता पक्षातून फुटून बाहेर पडलेल्या आपल्या काही मित्रांना त्या वेळी गैर वाटले नाही. दुहेरी निष्ठेचा प्रश्न खरा होता, मी तो हलका लेखीत नाही. पण प्रश्न खरा असला म्हणून त्याला दिलेले प्रत्येक उत्तर नैतिक ठरत नाही.

आता अलीकडचे पाहू. जून २०२३ च्या अखेरीस भोपाळ येथे पंतप्रधानांनी राष्ट्रवादी काँग्रेसवर सुमारे ७० हजार कोटी रुपयांच्या घोटाळ्यांचा आरोप केला. आठवडाही उलटला नव्हता, तोच २ जुलै रोजी त्याच पक्षाचे अजित पवार यांनी भाजपच्या भागीदारीतील सरकारात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. आरोप खोटा होता तर तो केला का, आणि खरा होता तर सत्तेत सोबत घेतले का, याचे उत्तर जनतेला मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी शरद पवार कऱ्हाडला आले आणि प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. आपल्यापैकी अनेकजण त्या गर्दीत होते. आपले मन हेलावले, आणि ते साहजिक होते. पण त्या क्षणी मला माझ्या हातची साखर आठवली. २०२३ ची फूट हा विश्वासघात असेल, तर १९७८ ची फूट काय होती? आणि १९७८ ची फूट मुत्सद्देगिरी असेल, तर आज तक्रार कशाची? दोन्ही घटना एकसारख्या नसतील. परंतु त्यांतला फरक एकाच काट्यावर दाखविता आला पाहिजे.

नैतिक जबाबदारीचेही असेच झाले आहे. मुंबईवरील हल्ल्यानंतर १ डिसेंबर २००८ रोजी आपल्या तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. आबांच्या साधेपणाबद्दल मला आदर आहे. परंतु वर्षभराच्या आत गृहखाते पुन्हा त्यांच्याकडेच आले, आणि मधल्या काळात काय सुधारले याचा हिशेब कोणी मांडला नाही. दुसरीकडे, डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला तीन दहशतवादी सोडून द्यावे लागले, तेव्हा ज्यांच्यापैकी एकाही मंत्र्याला राजीनामा द्यावासा वाटला नाही, तेच २००८ मध्ये राजीनामे मागण्यात आघाडीवर होते. राजीनामा ही जबाबदारीची पावती असावी. आपल्याकडे ती विरोधकावर फेकण्याची वस्तू झाली आहे.

येथे कोणी म्हणेल, "सर, मग सगळेच सारखे, असेच ना?" नाही. हा निष्कर्ष आळशी माणसाचा आहे आणि तो सत्ताधाऱ्यांच्याच सोयीचा असतो. एकच काटा म्हणजे सर्वांचे वजन एक, असे नव्हे. काटा खरा असेल तरच कोणाचे पाप मणाचे आणि कोणाचे शेराचे, हे कळेल. देशाला तुरुंग करणारी आणीबाणी आणि एका राज्यातली पक्षफूट यांचे वजन एक होऊच शकत नाही. परंतु मोठ्या पापाकडे बोट दाखवून आपले लहान पाप झाकणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. आपले आज कोणी का ऐकत नाही, याचे एक कारण हेही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संकट मोठे असताना मित्राचे दोष काढू नयेत, असे म्हणतात. मित्रहो, परपक्षाचे दोष दाखवायला हजार माणसे आहेत. वर्तमानपत्रे आहेत, न्यायालये आहेत. आपल्या पक्षाचा दोष वेळेवर सांगणारा मात्र आपल्याशिवाय कोणी नाही. म्हणून नैतिक जबाबदारी प्रथम स्वपक्षाबद्दलची असते.

१९८५ चा पक्षांतरबंदी कायदा झाला, २००३ मध्ये एकतृतीयांश फुटीची सवलतही गेली, तरी फूट थांबली नाही. कायद्याला कार्यकर्त्याच्या विवेकाची जोड नसेल, तर पळवाट सापडतेच.

यासाठी एक साधी सवय सुचवितो. पुढच्या बैठकीत आपण निषेधाचा ठराव लिहाल, तेव्हा त्यातील पक्षाचे नाव खोडा, तेथे आपल्या पक्षाचे नाव घाला आणि ठराव मोठ्याने वाचा. तरीही सही करावीशी वाटली, तर तो ठराव खरा. हात अडखळला, तर कागद फाडू नका. आपले काय चुकले आहे, ते त्याच्याच खाली लिहा.

ते वृद्ध गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी सत्तेचाळीस वर्षे देणे लागतो. नाही, मी साखर वाटली नसती. आणि म्हणूनच त्या दिवशीही वाटायला नको होती.