सही कोण करणार?

कविसंमेलन ठरलं की कवी पुष्कळ जमतात. पण सभागृहाच्या करारावर सही कोण करणार, असं विचारलं की सारे एकमेकांकडे पाहू लागतात. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या मंडळींपुढेही हाच प्रश्न होता.

'इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स' हे त्या मंडळींचं नाव. १९८६ साली अमेरिकेत ती पहिल्यांदा भेटली. तिथे सभासदत्व नाही, मतदानही नाही. सभेचा कल पाहायचा तर लोक हुंकार देतात आणि कोणता हुंकार अधिक घुमला ते ऐकतात! ई-मेलचा प्रवास कसा व्हावा, हे अशा स्वयंसेवकांनी ठरवलं.

मात्र कायद्याच्या लेखी ही मंडळी म्हणजे कुणीच नाही. मग एखाद्या कंपनीने दावा ठोकला तर नोटीस कुणाच्या घरी जायची? फुकट राबणाऱ्या इंजिनिअरच्या?

१९९२ मध्ये 'इंटरनेट सोसायटी' स्थापन झाली. पुढे पैसा, विमा, कायद्याचं छत्र तिने पुरवलं. नियमांच्या मजकुरात मात्र तिने हात घालायचा नाही. निर्णयाची रीतच अपुरी आहे, अशी तक्रार शेवटी तिच्या विश्वस्तांपुढे जाऊ शकते. पण नियम बरोबर की चूक, हे ते ठरवत नाहीत. १९९६ मध्ये हे नातं कागदावर आलं. २०१८ मध्ये टास्क फोर्सच्या कारभारासाठी वेगळी कंपनी निघाली. तिची एकमेव सदस्य सोसायटीच, पण संचालक मंडळ वेगळं. २०२० मध्ये नात्याचा कागद नव्याने लिहिला गेला.

एवढ्याने काळजी मिटते का? सोसायटीचं बहुतेक उत्पन्न 'डॉट ऑर्ग' या नावांच्या नोंदणीतून येतं. ती नोंदणी सांभाळणारी आपली संस्था ११३ कोटी ५० लाख डॉलरना विकायचं तिने २०१९ मध्ये ठरवलं. त्यातून कायमचा निधी उभा राहील, असं तिचं म्हणणं. सेवाभावी संस्थांची नावं नफ्याच्या बाजारात जातील, असं विरोधकांचं. एप्रिल २०२० मध्ये 'आयकॅन' या नियामक संस्थेने परवानगी नाकारली. छत्र धरणाऱ्याचे हात हलले, की सावलीत बसलेल्यांनाही ते जाणवतं.

आपल्याकडची कितीतरी मंडळं अशीच कुणाच्या तरी छत्राखाली चालतात. देणाऱ्याचा अधिकार कुठे थांबतो, हे सलोखा असतानाच लिहून ठेवावं. भांडण सुरू झाल्यावर दोघांना मान्य होईल असा कागद तयार होत नाही.