देहातली चूल

मागच्या माउल्या, पुढं सरका. मांडवात सावली आहे, उन्हात बसू नका.

आपण नेवाशात बसलोय. शके 1212 मध्ये माऊलींनी ज्या गावात गीता मराठीत सांगितली, ते हे गाव. त्या गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात, मी वैश्वानर अग्नी होऊन देहात राहतो आणि अन्न पचवतो. तुम्ही म्हणाल, महाराज, पोटात आग कुठंय? अहो, अंगाला हात लावून बघा की! जित्याचं अंग ऊन, मेलेल्याचं गार. खाल्लेली भाकरी आत जळतेय, फक्त धूर नाही, जाळ नाही. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा जुन्या 100 वॅटच्या दिव्याएवढी ऊब सारखी बाहेर टाकतो.

मुक्ताईनं माऊलींच्या पाठीवर मांडे भाजले, ती योगियांची गोष्ट. आपली चूल 37 अंशाच्या आसपासच राहिली पाहिजे. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी जागा आहे, ती या चुलीपाशी बसलेली सुगरण. गारठा पडला की कातडीकडचं रक्त आत ओढते, अंग कुडकुडवते. कुडकुडणं म्हणजे चुलीत लाकडं सारणं! ऊन वाढलं की रक्त कातडीकडं सोडते, घाम फोडते. आता ऐका, घाम येऊन अंग गार होत नाही, तो वाळून होतं. माठाचं तसंच. पाझरला आणि वारा लागला, तरच पाणी गार.

मागं आमच्या दिंडीत ज्येष्ठातल्या उन्हात एका म्हाताऱ्या बाबांचा टाळ चुकायला लागला. जन्माचा टाळकरी! आम्ही म्हटलं, रंगात आलेत. मग ते भलतंच बोलायला लागले अन् खाली बसले. अंग तव्यासारखं. म्हातारपणी घाम कमी येतो, तहानही कळत नाही. त्यांची सुगरणच बावरली होती. मी शहाणा, तोंडात पाणी ओतायला निघालो. पाथर्डीकडची एक ऊसतोडीची बाई होती, तिनं माझा हात धरला. "बुवा, शुद्ध न्हाई त्याला, पाणी छातीत जाईल." तिनं डोईवरची कळशी त्यांच्या अंगावर रिकामी केली, पदरानं वारा घातला, दवाखान्याची गाडी येईपर्यंत पाणी मारत राहिली. बाबा वाचले. मी इतकी वर्षं वैश्वानर सांगतोय, पण त्या दिवशी तो तिलाच कळला होता.

माठ मागं भरून ठेवलेत. कीर्तन चालू असताना उठून पाणी प्या, मला राग नाही. शेजाऱ्याचा टाळ चुकला तर हसण्याआधी त्याच्या अंगाला हात लावून बघा.

घ्या टाळ. विठ्ठल विठ्ठल!