फाइल उघडते, अक्षरे उघडत नाहीत

(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



कम्प्युटरवर बोलायला मला उभे केले म्हणून काही जणी हसताहेत. हसा. मी सुरुवात करते घाटंजीकडच्या एका बाईपासून. 2004 साली तिच्या नवऱ्याने आत्महत्या केली. सातबाऱ्यावर तिचे नाव चढू नये म्हणून दीर आडवे आले, तेव्हा तहसीलला दिलेला अर्ज आपण टाइप करून दिला होता. पोच पुढे घरातल्या भांडणात फाटली. यंदा ती आली नि म्हणाली, "ताई, माहा अर्ज तुमच्या कम्प्युटरात हाय ना?"

होता. पण मधे आपण कम्प्युटर बदलला. नव्यावर फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे. दुकानदार म्हणाला, फाइल खराब झाली, पुसून टाका.

ती खराब नव्हती. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवत. म्हणजे कम्प्युटरच्या लेखी मजकूर इंग्रजीच, फॉन्ट असेल तर डोळ्यांना मराठी. शिवाय ज्याची त्याची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आपल्या टेबलापर्यंत ती यायला फार वर्षे लागली.

जुना कम्प्युटर भंगारात द्यायचा राहून गेला होता. आळसाचाही कधी उपयोग होतो! फाइलमध्ये फॉन्टचे नाव असतेच. तो फॉन्ट जुन्यावरून आणून नव्यावर टाकला आणि अर्ज जसाच्या तसा दिसला. 1995 च्या आसपासच्या काही फाइली नवे वर्ड सुरक्षेच्या कारणाने अडवते. त्या लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या.

मग युनिकोडमध्ये रूपांतर. मूळ फाइलला हात लावायचा नाही, आधी प्रत काढायची. आणि रूपांतर डोळे झाकून घ्यायचे नाही. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप होई, त्यामुळे 'अर्ज'चा 'अजर्' होतो, 'खर्च'चा 'खचर्'. बाईच्या नावात असे झाले तर कचेरीत ती दुसरीच बाई ठरेल.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. इंटरनेटवरच्या कुठल्याही रूपांतराच्या पानावर या फाइली चढवू नका, दुकानात पेनड्राइव्ह ठेवून येऊ नका. मारहाणीच्या, बलात्काराच्या तक्रारी त्यांत नावानिशी आहेत. त्या बायांनी ते आपल्याला सांगितले, दुकानदाराला नाही.

टाइप केलेली फाइल म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या बाईलाही सांगितले. पण अर्जाखाली आपल्यातल्या कुणीतरी आवक क्रमांक नि तारीख टाइप करून ठेवली होती. तेवढ्यावर तिने नक्कल मागितली आहे. उत्तर अजून यायचे आहे.

उरलेल्या फ्लॉपी दोन डबे भरून आहेत. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला आहे. शनिवारी दोघी जणी हव्यात. टायपिंग येत नसले तरी चालेल, शेजारी बसून मोठ्याने वाचणारी हवी.