डोळ्यामागची सूज



नेत्रविकारांवर बोलायला बोलावले की मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर एवढीच अपेक्षा असते. आज आम्ही मुद्दाम वेगळा विषय घेतला आहे, कारण तो समोर बसलेल्या मुलामुलींच्या वयाचा आहे. डोळ्याने टिपलेले चित्र मेंदूकडे नेणाऱ्या नसेवर कधी कधी शरीराची रोगप्रतिकारशक्तीच उलटते. नस सुजते, तिचे आवरण झिजते. यास ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात. वीस ते चाळीस या वयात, व स्त्रियांत अधिक, हा विकार आढळतो.

एका डोळ्याची नजर काही दिवसांतच मंदावते, डोळा फिरवला की आत दुखते, लाल रंग फिका वाटतो. डोळा मात्र बाहेरून स्वच्छ! पुष्कळदा तपासणाऱ्यालाही आत काही दिसत नाही. मग घरचे म्हणतात, वाचन जास्त झाले, परीक्षा झाली की बघू. इथेच घात होतो.

औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडच्या गोळ्या आणून खाणे तर फारच वाईट. अमेरिकेत 457 रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1992 साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत हा विकार उलटण्याचे प्रमाण उलट वाढले. शिरेतून दिलेल्या मोठ्या मात्रेने नजर लवकर सुधारली. मात्र वर्षअखेरीस सर्वांची नजर जवळपास सारखीच होती.

मग घाई कशाला, असे कोणी विचारील. कारण सर्वच रुग्ण त्या साध्या प्रकारातले नसतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या प्रकारात एकाच झटक्याने कायमचे अंधत्व येऊ शकते, पुढच्या झटक्यात पायही लुळे पडू शकतात. त्याची ओळख पटविणारे प्रतिद्रव्य 2004 साली सापडले, त्यामुळे आता रक्त तपासून निदान होते. यात स्टिरॉइडला तातडीने सुरुवात करावी लागते. गुण न आल्यास रक्तद्रव बदलण्याचा उपचार करतात. पुढे झटके रोखणारी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून ती मनाने सोडू नयेत.

उपचारापूर्वी मधुमेह, रक्तदाब आणि पूर्वी झालेला क्षय डॉक्टरांना अवश्य सांगावा, लपवू नये. स्टिरॉइडने साखर वाढते, दबलेला क्षय डोके वर काढतो.

एक सोपी पारख घरी करता येते. लाल कापड समोर धरा, आळीपाळीने एकेक डोळा झाका. एका डोळ्याला तो लाल रंग नव्यानेच विटका दिसू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, परीक्षा असली तरी.