आरोग्याच्या विचारात सर्वांचा शब्द



या मंगल प्रसंगी आम्ही आपले लक्ष एका व्यावहारिक विषयाकडे वेधू इच्छितो. लोकांच्या आरोग्यासाठी योजना आखावयाची, पण त्या लोकांस विचारावयाचे नाही, याचे फळ पुण्याने १८९७ साली पाहिले. प्लेग हटविण्यासाठी गोरे सैनिक घरोघर शिरले, तेव्हा लोक रोग्यांस लपवू लागले. भीतीने रोग हटत नाही, तो दडतो.

पुढे नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली गावोगाव आरोग्य समित्या असाव्यात, असे सुचविले. त्यानंतर पुणे जिल्ह्यातही जनसुनवाया भरल्या व गावकऱ्यांनी आपली गाऱ्हाणी अधिकाऱ्यांसमोर मांडली.

लस कशी ठेवावी हे मतांनी ठरत नाही. तेथे डॉक्टरांचाच शब्द प्रमाण. परंतु ऊस तोडणारी माता पहाटेच फडात जाते, म्हणून लस केव्हा टोचावी, हे तिलाच विचारले पाहिजे. शिरूरच्या शेतकऱ्याची अडचण निराळी, दौंडच्या रेल्वे कामगाराची निराळी.

आरंभीच्या ख्रिस्तसभेत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा झाली, तेव्हा प्रेषितांनी सर्व शिष्यांस बोलावून सात जण निवडविले. आमच्या सभांत मात्र बोलणारे तेच ते असतात. हा दोष आमचाही आहे. तरी यापुढे ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल, तेव्हा आपण स्वतः जावे, आणि जी बहीण दाराशी मुकाट उभी असेल तिला प्रथम बोलू द्यावे, एवढीच आमची विनंती.